दोघांनी घ्यायच्या गोळ्या

तळेवाडी, ता. रत्नागिरी
२२ मे १९८७

यांना मैनाचा नमस्कार. घरात सगळी बरी आहेत, म्हैस तेवढी रुसली आहे. तुमच्या आईंचं म्हणणं, तिला कोणीतरी नजर लावली. मी म्हणते, तिला उकडतंय. मलाही उकडतंय, पण मी दूध द्यायचं थांबवलेलं नाही, म्हणजे घरातली कामं थांबवलेली नाहीत.

तुमच्या खोलीवरचे धाकूभावजी उद्याच्या एस.टी.ने मुंबईला निघाले आहेत. त्यांच्याबरोबर डबा देते आहे आणि हे पत्रही. डब्यात खाली कुळथाचं पीठ आणि वर फणसपोळी आहे. यंदा बरका फणस उशिरा पिकला, पण पोळी झक्क उतरली आहे. मधे कागदाच्या पुडीत गोळ्या आहेत. त्या शक्तीच्या आहेत. रोज तीन वेळा, जेवणानंतर, पुडी संपेपर्यंत घ्यायच्या. एकही चुकवायची नाही. तेवढे दिवस तुमची शनिवारची बाटली नको. शक्तीच्या गोळ्यांना दारू का चालत नाही असं विचारू नका. चालत नाही.

तुम्ही म्हणाल, या गोळ्या आणल्यास कुठून? रत्नागिरीला बायकांच्या तपासणीचं शिबिर भरलं होतं, जानेवारीत. शिमग्याला तुम्ही आलात तेव्हा सांगायचं राहून गेलं. शेजारच्या सोनूबाईची बहीण पिशवीच्या कॅन्सरने गेली ना, तेव्हापासून तिच्या मनात धास्ती. पण एकटीला जायला भीती वाटते, म्हणून मला ओढून नेलं. तपासणी अगदी साधी. पिशवीच्या तोंडाशी काडी फिरवतात, काचेच्या पट्टीवर पुसतात आणि पट्टी मिरजेला पाठवतात. सोनूबाईचं सगळं चांगलं निघालं. तिला धीर द्यायला गेलेली मी, आणि कमजोरी निघाली ती माझ्यात! आता या महिन्यात पुन्हा तपासलं. म्हणून गोळ्या. मीही आजपासून घेते आहे. दोघांनी एकाच वेळी घेतल्या तरच गुण येतो असं डॉक्टरबाई म्हणाल्या. अजरा होडेकर त्यांचं नाव, राजिवड्याच्या आहेत, बोलायला फार चांगल्या.

तोंडाला तांब्याचं भांडं चाटल्यासारखी चव येते. घाबरू नका आणि गोळ्या थुंकू नका.

मैना

१६ जून १९८७

यांना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. आधी हसले, मग डोक्याला हात लावून चुलीपुढे बसले. आईंनी विचारलं, “काय गो, काय झयला? रावजी बरा हाय ना?” मी म्हटलं, बरा आहे, फणसपोळीला नावं ठेवतोय.

तुम्ही लिहिता ते खरं की काय? तुम्ही रात्रपाळीला छापखान्यात, आणि इकडे खोलीत धाकूभावजींनी डबा मधोमध ठेवला. वाडीतले सगळे गडी एकत्र राहता त्या तुमच्या गावकीच्या खोलीचा कायदा मला चांगला माहीत आहे. गावाहून काही आलं की पेपर पसरायचा आणि जेवढी डोकी तेवढे वाटे करायचे, मग तो लाडू असो की लोणच्याची फोड. आतापर्यंत मला त्याचं कौतुकच होतं. पण अहो, कोणी औषधाच्या गोळ्यांचे वाटे करतं का? “मैनावयनीनं शक्तीच्या गोळ्या धाडल्यान हायत” म्हणून धाकूभावजींनी पुडी सोडली आणि सगळ्यांनी चणे-फुटाण्यासारख्या दोन-दोन तोंडात टाकल्या! त्यात शनिवार. वरून बाटली. मग सगळी खोली गॅलरीत रांगेने ओकत बसली. आप्पा सुतार आईच्या नावाने रडला म्हणता. बरं झालं. आणि सकाळी तुम्ही आलात, तुमच्या वाट्याच्या दोन गोळ्या पाहिल्यात, आणि मला विचारता काय, तर “फणसपोळी नासली होती काय?”

माझी फणसपोळी नासत नाही. ते त्या गोळ्यांचं काम होतं. पोटात त्या असताना दारू गेली की माणूस ओकतो. म्हणूनच पत्रात लिहिलं होतं. पण पत्र वाचायच्या आधी डबा संपला, त्याला मी काय करू?

तरी चूक माझीच. शक्तीच्या गोळ्या असं धाकूभावजींना मीच सांगितलं. खरं सांगायची लाज वाटली. आता सांगते. हे पत्र मुद्दाम छापखान्याच्या पत्त्यावर टाकते आहे, खोलीवर नाही. एका बाजूला जा आणि एकटे वाचा.

शिबिरातल्या माझ्या काचपट्टीत दोन गोष्टी निघाल्या. एक, जंतू. नाव लांबलचक आहे, मला म्हणता येत नाही. तो नवरा-बायको एकत्र निजतात त्यातून येतो, दुसऱ्या कशातूनही सहसा येत नाही. बाईला खाज, पाणी जाणं, आग असं होतं. मला होतच होतं, मी समजत होते बायकांना असतंच. पुरुषाला काहीसुद्धा कळत नाही. तो धडधाकट दिसतो, जेवतो, बाल्या नाचतो, आणि जंतू आपला आत बसलेला. दुसरी गोष्ट, पिशवीच्या तोंडाच्या पेशी बिघडलेल्या दिसल्या. डॉक्टरबाईंनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. चांगली पेशी कशी, बिघडलेली कशी. त्या म्हणाल्या, “मैनाबाई, हे जंतूच्या सुजेमुळे असेल, नाहीतर कॅन्सरच्या वाटेवरचं पहिलं पाऊल असेल. सूज असेपर्यंत मला नीट दिसणार नाही. आधी जंतू घालवू, मग परत बघू.”

तेव्हाही त्या म्हणाल्या होत्या की नवऱ्यालाही औषध द्या. मी मान डोलावली आणि तुम्हाला काही कळवलं नाही. फेब्रुवारीत एकटीने गोळ्या घेतल्या. बरं वाटलं. मग शिमग्याला तुम्ही आलात. मे महिन्यात पट्टी काढली तर जंतू पुन्हा हजर, आणि पेशी आधीपेक्षा वाईट. डॉक्टरबाई पहिल्यांदाच माझ्यावर चिडल्या. मलाही पटलं. आपण खालच्या खाचरातलं तण उपटत बसायचं आणि वरच्या खाचरातून बी वाहून येतच राहायचं, मग कसं व्हायचं?

हा जंतू म्हणजेच कॅन्सर नव्हे, हे त्यांनी बजावून सांगितलं. पण तो ज्या वाटेने येतो त्याच वाटेने दुसरेही येतात. त्यातला एक चामखिळीच्या जातीचा आहे, पेशी बिघडवणारा तोच असावा असं आता मोठ्या डॉक्टरांना वाटायला लागलंय. त्याला औषध नाही. नुसती पाळत ठेवायची. बहुतेकींच्या पेशी आपल्या आपण सुधारतात, काहींच्या नाही.

मी कोणत्या बाजूची ते अजून ठाऊक नाही. म्हणून तुम्ही गोळ्या घ्या. भायखळ्याला दवाखाने ढिगाने आहेत. जंतू कधीचा आणि कुठला हे कोणालाच सांगता येत नाही, वर्षानुवर्षं निजून राहू शकतो. मला कबुलीबिबुली काही नको. गोळ्या घेतल्या एवढं कळवा.

मैना

२६ जुलै १९८७

नमस्कार.

महिन्याने पत्र आलं, त्यात चार ओळी. “मला काही झालेलं नाही. मी दवाखान्यात जाणार नाही. तुझं तूच बघ. पोरांना आशीर्वाद.”

हे “तुझं तूच” मी पुन्हा पुन्हा वाचलं. लावणीच्या चिखलात उभी होते, पोस्टमनने बांधावरून पत्र दिलं, तिथेच वाचलं. हातातली भाताच्या तरव्याची जुडी खाली पडली. आजूबाजूला बायका गात होत्या म्हणून रडले नाही, पण राग एवढा आला की बाकीचं खाचर मी एकटीने लावून टाकलं. सोनूबाई म्हणाली, “आज काय गो तुज्या अंगात आलाय?” तेव्हा रागाचा एवढा फायदा झाला म्हणायचा.

तुमच्या मनात माझ्याबद्दल संशय असेल, तर मी शपथ घेणार नाही, कौल मागायला देवळात जाऊन फूल लावणार नाही. मी कशी राहते ते तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणूनच तर चार ओळींच्या पुढे काही सुचलं नाही. तुम्हाला भांडायचं असतं तेव्हा तुम्ही चांगली चार पानं लिहिता. पडवीवरच्या कौलांवरून केवढं लिहिलं होतंत!

मला तुमचा राग येतो. पण रोज उठून रागावायला वेळ नाही. लावणी वेळेवर संपली. गाय व्याली, पाडी झाली. परसात काकडी एवढी लागली आहे की शेजारी आता नको म्हणतात. आई आणि मी दुपारी पडवीत बसून पाऊस बघत कुळथाचं कळण पितो, त्या तुमच्या लहानपणीच्या खोड्या सांगतात आणि मी हसते. मला हे सगळं आवडतं हो. हे घर, हा पाऊस, आईंची बडबड. इथेच म्हातारं व्हायचंय मला. म्हणून तर तुमच्या मागे लागले आहे, दुसरं काही नाही.

आता गणपती जवळ आले. या. पण गोळ्या घेऊन या, म्हणजे पिशवीत नव्हे, पोटात. तसं नसेल तर तुमचं अंथरूण पडवीत पडेल, आणि आईंनी कारण विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलंय, तुमचं औषध झाल्याशिवाय जवळ यायचं नाही. यावेळी मी मान डोलावून घरी येऊन विसरणार नाही.

मैना

१० सप्टेंबर १९८७

नमस्कार.

तुम्ही आला नाहीत. मुंबईहून गाड्या भरभरून आल्या. धाकूभावजी आले, आप्पा सुतार आला, तुमच्या खोलीतले सगळे आले. आई प्रत्येक एस.टी.च्या आवाजाला ओटीवर जाऊन उभ्या राहायच्या. “माजा पोर गणपतीला नाय आला असा कदी झाला नाय,” हेच दिवसभर. मी म्हटलं, छापखान्यात काम फार आहे. खोटं बोलणार नाही असं तुम्हाला लिहिलं होतं, पण त्यांचा चेहरा बघवेना.

मग प्रश्न आला, गणपती आणायला पाट घेऊन कोण जाणार? धाकूभावजी म्हणाले, मी आणतो. मी म्हटलं, तुम्ही तुमचा आणा. नऊवारी नेसले, डोकीवर चुंबळ ठेवली, पाट घेतला आणि मूर्तीच्या कारखान्यात गेले. सगळी वाडी बघत राहिली. सोनूबाईच्या सासऱ्याने तोंड वाकडं केलं. तेवढ्यात आई पुढे आल्या, “माजी सून हाय. तिच्या डोकीवरना माज्या घरात गणपती येतोय. कोणाला काय बोलायचा असंल तर मना सांगा.” मी मूर्ती डोकीवर घेऊन बांधावरून चालले, पाय एकदाही घसरला नाही.

आरत्या झाल्या, मोदक झाले, जाखडीचे नाच झाले. पण तुमच्या आवाजाची आरती नव्हती, हे खरं आहे. तुम्ही बेसूर गाता, तरी नव्हती म्हणून चुकल्यासारखं झालं.

विसर्जन झाल्यावर रत्नागिरीला जाऊन पट्टी देऊन आले. निकाल पुढच्या महिन्यात.

मैना

८ नोव्हेंबर १९८७

यांना मैनाचा नमस्कार, आणि यावेळी अगदी मनापासून.

दिवाळीतलं तुमचं पत्र आलं. उघडलं तर पहिलीच ओळ, “गोळ्या संपल्या. चव तांब्याचीच आहे, तू म्हणालीस तशी.” मी तिथेच थांबले. पुढचं वाचायच्या आधी आत गेले, देवापुढे दिवा लावला आणि मग ओटीवर पाय पसरून सावकाश वाचलं. आई विचारत होत्या, काय लिहितो. मी म्हटलं, जेवण गोड लागत नाही म्हणतो. तेवढं खोटं चालेल.

धाकूभावजींनी खोलीत जाऊन माझ्या गणपती आणण्याचं सांगितलं, आणि तुम्ही त्या रात्री जेवला नाहीत. हे तुम्ही लिहिलंत, बरं वाटलं. दवाखान्याच्या दारातून दोनदा परत फिरलात, तेही लिहिलंत. लाजायचं काय त्यात? मीही शिबिरात चप्पल घालून निघालेच होते, सोनूबाईने पदर धरून बसवलं.

पण मला खरं कौतुक वाटलं ते पुढच्याचं. रविवारी सगळे खोलीत असताना तुम्ही उठून सांगितलंत, की मे महिन्यातल्या त्या गोळ्या शक्तीच्या नव्हत्या, कशाच्या होत्या आणि कोणासाठी होत्या. तुमच्यासारखा माणूस, जो चारचौघांत स्वतःच्या बायकोचं नावही घेत नाही! आणि त्यावर आप्पा सुतार म्हणतो, “मग आमच्या ओकाऱ्या फुकट गेल्या म्हन!” वाचून मी एवढी हसले की पाडी दचकली. आणि त्याच आठवड्यात तिघेजण तुम्हाला बाजूला घेऊन दवाखान्याचा पत्ता विचारून गेले. ते कोण, हे तुम्ही लिहिलं नाहीत, ते बरं केलंत. मला त्यांच्या बायका रोज पाणवठ्यावर भेटतात.

तुम्ही नावं लिहिली नाहीत, पण पत्रं इकडेही येतात. वाडीतल्या बायका आता मला येऊन विचारतात, रत्नागिरीच्या डॉक्टरबाई कुठे बसतात, दुखतं का, किती वेळ लागतो. मी सगळ्यांना सांगते, विळीवर बोट कापलं तरी यापेक्षा जास्त दुखतं.

माझा निकाल आला. जंतू गेला. अगदी साफ. सूजही गेली. पण पेशी सगळ्या सुधारल्या नाहीत. काही अजून तशाच वेड्यावाकड्या आहेत. डॉक्टरबाई म्हणाल्या, सहा महिने थांबू आणि परत बघू. तेव्हाही तसंच निघालं तर तिथला बारीक तुकडा काढून तपासायचा, त्यासाठी मुंबईला मोठ्या इस्पितळात यावं लागेल.

भीती वाटते. तुम्हाला सांगते, दुसऱ्या कोणाला सांगत नाही. दिवसभर कामात असते तोवर नाही. भात झोडताना, अंबाडीची भाजी निवडताना मधेच हातातलं सोडून पोरांकडे बघत बसते. पोरं लहान आहेत. पण तेवढं सोडलं तर मी बरी आहे, आणि तुमची तांब्याची चव आठवली की हसू येतं.

शिमग्याला या. यंदा पालखी सगळ्यांच्या आधी आपल्या अंगणात येणार आहे.

मैना

१७ एप्रिल १९८८

यांना मैनाचा नमस्कार.

निकाल आला. चांगला आहे.

आधी हे लिहून टाकलं, नाहीतर तुम्ही पत्राची शेवटची ओळ आधी वाचाल. तुमची ती सवय मला ठाऊक आहे. सगळ्या पेशी जशा असाव्यात तशा आहेत. डॉक्टरबाईंनी कागद माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, “मैनाबाई, आता वर्षातून एकदा या, पण हसत या.” मी त्यांचे हात धरले आणि रडले. गंमत बघा, वर्षभर रडले नव्हते. त्यांनी शिपाईणबाईकडून चहा मागवला. मग मी बाजारात जाऊन चांगले ताजे बांगडे घेतले, घरी आले, तिरफळ घालून आमटी केली. आई म्हणाल्या, आज काय सण आहे? मी म्हटलं, आहे. त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

तुम्ही शिमग्याला माझ्याबरोबर रत्नागिरीला आलात, त्याबद्दल तोंडावर बोलता आलं नाही म्हणून आता लिहिते. बायकांच्या त्या बाकावर तुम्ही एकटे पुरुष, टोपी गुडघ्यावर ठेवून, मान खाली घालून बसला होतात. एक म्हातारी तुम्हाला म्हणाली, “तुजा काय तपासायचा हाय रे बाबा?” आणि तुम्ही उत्तर दिलंत, “माजा झाला तपासून. आता हिचा.” मी आतून ऐकलं. टेबलावर निजलेली होते, तशीच हसले. डॉक्टरबाई म्हणाल्या, हलू नका.

मग आपण भाट्याच्या समुद्रावर गेलो. लग्नाला एवढी वर्षं झाली, आपण दोघंच कुठे गेलो नव्हतो. सुरूच्या सावलीत बसून तुम्ही शहाळं फोडून दिलंत आणि समुद्राकडे बघत बोलायला लागलात. “डबा पोचवणारी एक बाई आहे परळची, एकटी असते,” एवढं बोललात आणि मी म्हटलं, पुरे, एस.टी. चुकेल. एस.टी.ला तासभर होता. तुम्हालाही ते कळलं होतं. मला तेव्हा ऐकवेना. काचपट्टी नुकतीच देऊन आले होते, निकाल काय येईल त्याचीच धास्ती होती. त्यात आणखी एका बाईला मनात कुठे जागा देऊ?

आता जागा झाली. आता रोज ती बाई माझ्या मनात येते. पहिल्यांदा आली तेव्हा मला राग आला, हे खोटं सांगत नाही. मी इथे चिखलात, आणि ती तिथे तुम्हाला गरम जेवण वाढते. दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही, पाडीलाही ओरडले. अजूनही ती दिसायला कशी आहे हे मला कळायला नको आहे. आणि तुम्ही पुन्हा तिच्या दारी गेलात तर मी काय करेन ते मला लिहायची गरज नाही.

पण आत्ता अंगणात शेण सारवताना एक गोष्ट डोक्यात आली आणि मी सारवणं अर्धवट टाकून हे पत्र लिहायला बसले आहे. माझे हात अजून ओले आहेत, अक्षर सांभाळून घ्या.

माझ्यासाठी सोनूबाई होती, पदर धरून बसवायला. डॉक्टरबाई होत्या, चित्र काढून समजावायला. आई होत्या, काही न विचारता माझ्या बाजूने उभ्या राहायला. शेवटी तुम्हीही होतात. तुमच्या खोलीतल्या तिघांनी औषध घेतलं, त्यांच्या बायका पुढच्या आठवड्यात माझ्याबरोबर रत्नागिरीला येणार आहेत. सगळ्यांचं सगळं होतंय. जंतू तुम्हाला तिच्याकडून आला की तिला तुमच्याकडून गेला, हे देव जाणे, आणि डॉक्टरबाई म्हणतात तसं, त्याला आता अर्थ नाही. पण तो तिच्यातही असणार, आणि तिच्या पेशी कोणी बघितलेल्या नाहीत. तिला खाज सुटत असेल, आग होत असेल, आणि तीही समजत असेल की बायकांना असतंच.

ती एकटी असते म्हणालात. मग तिला कोण सांगणार?

तुम्ही जा आणि सांगा. आत जाऊ नका, दारात उभे राहून सांगा. हवं तर धाकूभावजींना बरोबर न्या. लाज वाटेल. सांगा, की काचेच्या पट्टीची तपासणी असते, दुखत नाही, आणि गोळ्या पुडी संपेपर्यंत घ्यायच्या. बाई आहे ती, आधी विश्वास ठेवणार नाही, दार लावून घेईल. तिला म्हणा, माझ्या बायकोने पाठवलंय.

मैना